हापशावर लिहिलेला मसुदा

“त्या भीषण दुष्काळात, पाण्याच्या चिंतेनं सारं शहर हवालदिल झालेलं असताना, हा एकटा माणूस निर्भयपणे पहाटे उठून लिहीत राहिला. रोज, न चुकता. याला म्हणतात लेखननिष्ठा!”

नांदेडच्या सभागृहात माझे प्राध्यापक मित्र माझ्या पहिल्या कादंबरीविषयी असं बोलले आणि टाळ्या पडल्या. मी व्यासपीठावर होतो आणि गप्प राहिलो. वयोमानानं गप्प राहिलो, असा समज कोणी करून घेऊ नये. अंगावर सत्काराची शाल असताना भांडता येत नाही, एवढंच त्याचं कारण. आता ती शाल पेटीत आहे.

दुसरी एक हकिकत लातुरात प्रचलित आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान चालवणारे आप्पा तिचे जनक. “कशाचे लेखक ओ? पाण्याच्या लाइनीत येळ जात नव्हता म्हणून लिहायलते,” असं ते गिऱ्हाइकाला साखर बांधून देता देता सांगत. एकानं मला तपस्वी केलं, दुसऱ्यानं रिकामटेकडा. दोघांचंही चुकलं. मी भ्यालो होतो, म्हणून लिहीत होतो.

या कादंबरीपूर्वी मी दोन कादंबऱ्या सुरू करून सोडल्या होत्या. दोन्ही एकाच जागी अडल्या. नायक गावाबाहेर पडे आणि त्याच्यापुढं काय आहे ते मला दिसेनासं होई. दुसऱ्या खेपेला तर मी कचेरीतल्या सहकाऱ्यांना पुस्तकाचं नावही सांगून बसलो होतो. पुढं वर्षभर चहाच्या वेळी कोणी ना कोणी विचारी, “मग, कुठवर आलं?” मी पानांचा काहीतरी आकडा सांगे आणि चहा अर्धा टाकून उठे. आयुष्यभर नुसता बोलत राहणारा माणूस म्हणून आपण मरणार, ही ती भीती. तिसरी कादंबरी मी कोणालाही न सांगता सुरू केली आणि तिच्यातही नायक गावाबाहेर पडणारच होता. ते टाळण्याचा प्रयत्न मी केला, कथा ऐकेना.

आमचा लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता. जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेले कोरे कागद आमच्या कचेरीत रद्दी ठरले होते. हेडक्लार्कांना विचारून मी त्यांचा एक गठ्ठा घरी नेला. पाठ कोरी असलेला कागद मला धीर देई, कारण तो आधीच वाया गेलेला होता.

त्यातच दुष्काळ पडला. गल्लीतल्या एकुलत्या हापशावर पहाटेपासून घागरींची रांग लागे. रांगेची व्यवस्था समोरच्या घरातल्या चाचींकडं होती. त्यांचे पती घड्याळं दुरुस्त करत. गल्लीचं वेळापत्रक मात्र चाची चालवत. त्यांचा नियम कडक होता. नुसती घागर ठेवली म्हणजे नंबर लागला असं नव्हे, घागरीमागं माणूस बसलेला पाहिजे. माणूस उठला की चाची घागर उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवत. आप्पांचीही ठेवत.

चार-दोन घागरी भरल्या की बोअर दम खाई. पुन्हा पाणी साचेपर्यंत सगळे थांबत. कोणी डुलक्या घेई, कोणी सरकारला शिव्या देई. मी पाटीवर कागद ठेवून लिही. उठायची सोय नव्हती. घरात मी दर वाक्यानंतर उठत असे. पाणी पी, खिडकी लाव, पेन झटक. इथं उठलो तर नंबर जाणार आणि बायकोपुढं रिकामी घागर घेऊन उभं राहावं लागणार. त्यामुळं पुढचं वाक्य लिहिण्याखेरीज मला दुसरी वाटच उरत नसे. याला कोणाला निष्ठा म्हणायचं असेल, तर रांगेत बसलेल्या सगळ्या गल्लीलाच शाली वाटा.

“काय लिहायलाव ओ भाऊसाहेब, पाण्याचा पंचनामा?” आप्पा विचारत.

“तुमच्या तराजूचा,” मी म्हणे.

चाची हसत. “भाऊसाब, घागर तो भर गई. किताब कब भरेगी?”

त्या हसण्यात मला सामील होता येत नसे, कारण पानं खरोखरच भरत होती आणि नायक वेशीकडं सरकत होता.

नव्या जिल्ह्याला नवी जलवाहिनी मंजूर झाली आणि मुख्य रस्त्यावर चर खणायला सुरुवात झाली. लोक संध्याकाळी तो चर पाहायला जात. मीही जाई. लोक आनंदानं पाहत. मी तो आपल्या गल्लीपासून किती लांब राहिला ते पाहत असे. आधी तो चौकापाशी होता, मग शाळेपाशी, मग आप्पांच्या दुकानापाशी. नळ आला की रांग मोडणार, आणि रांग मोडली की मी पुन्हा खिडक्या लावत बसणार. पाण्यासाठी तहानलेल्या शहरात पाणी येण्याची धास्ती घेतलेला माणूस मी एकटाच होतो, आणि हे कोणाजवळ बोलायची सोय नव्हती. हेच ते निर्भय लेखन!

घरोघरी नळ आले त्या दिवशी चाचींनी गल्लीत साखर वाटली. माझा नायक वेस ओलांडून एसटी स्टँडवर उभा होता. तिकीट काढलेलं होतं, गाडी ठरलेली नव्हती.

दुसऱ्या पहाटे मी घरात टेबलाशी बसलो. मोरीत नळ वाहत होता. एक शब्द आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, आठवडा उलटला तरी नाही. मी उठे, बसे, जुनी पानं वाची आणि त्यांतलं अक्षर परक्याचं वाटे. दोन जुनी बाडं कपाटात होती. तिसऱ्यासाठी मी तिथं जागा करतो आहे, असं एका पहाटे माझ्या ध्यानात आलं. मी कपाट लावलं आणि घागर उचलली.

“अहो, कुठं निघालात? घरात नळ हाय की!” बायको म्हणाली.

“हापशावर.”

“लोक हसतील!”

“हसू दे.”

हापसा बंद झाला होता. त्याचा दांडाही नगरपालिकेच्या माणसांनी काढून नेला होता. मी घागर ठेवली, तिच्यामागं बसलो आणि मांडीवर पाटी घेतली. चाची दार झाडत होत्या. त्यांनी खराटा थांबवला.

“भाऊसाब, पानी घर में है. यहाँ क्या ढूंडते?”

“नंबर लावलाय.”

त्या आता हसतील म्हणून मी मान वर केली नाही. त्या आत गेल्या, पोचे पडलेली एक कळशी घेऊन आल्या आणि माझ्या घागरीमागं ठेवून आपल्या उंबऱ्यावर बसल्या.

“तो मेरा नंबर तुमारे पिच्छे,” त्या म्हणाल्या. “उठे, तो घागर पिच्छे डालूंगी. कायदा मालूम है ना?”

मला ठाऊक होता. त्या पहाटे नायक गाडीत बसला. त्यानंतर रोज मी तिथं जाऊ लागलो आणि रोज ती कळशी माझ्यामागं असे. दुकान उघडता उघडता आप्पा डोकं हलवत. भीती कमी झाली असं कोणी लिहू नये. ती अखेरच्या पानापर्यंत होती, फक्त तिला बसायला जागा मिळाली होती.

प्राध्यापकमहाशयांनी आणि आप्पांनी आता एकच गोष्ट ध्यानात घ्यावी. निष्ठावंत माणूस आपल्या घरी बसून लिहितो, आणि वेळ घालवणारा माणूस रांग संपली की उठून जातो. मी शेवटचं वाक्य लिहिलं तेव्हा हापशाला दांडा नव्हता, माझी घागर कोरडी होती, आणि माझ्या घरातला नळ चालू होता.