बारा निळे बेडूक

संग्रहालयाचे चित्रकार काका स्वतःच्या नजरेबद्दल फार बोलत. बत्तीस वर्षांत त्यांच्या चित्रांना कुणी नावं ठेवली नव्हती, आणि ठेवली असती तरी काकांनी ऐकून घेतली नसती. "मी मनाचं काही काढत नाही, समोर दिसतं तेच काढतो," हे वाक्य बायकोला इतकं पाठ होतं की ती ते त्यांच्याआधीच म्हणून मोकळी व्हायची. तिच्याच आग्रहाखातर काकांनी मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिला होता.

शेवटचं काम होतं झाडांवर राहणाऱ्या बेडकांच्या फलकाचं. एकाच वंशातले बारा बेडूक, स्पिरिटच्या बारा बरण्यांत. तीन महिने भिंग लावून काकांनी बोटांच्या टोकांवरच्या गोल चकत्यासुद्धा सोडल्या नाहीत. बाराही बेडूक सुरेख निळे उतरले. खाली आयुष्यात पहिल्यांदा काकांचं नाव होतं, आणि सोमवारी ते बघायला अख्खी सासुरवाडी येणार होती.

शुक्रवारी नव्या संशोधक बाई आल्या आणि फलकाकडे बघतच राहिल्या. भारावल्या असाव्यात, असं काकांना वाटलं.

"काका, हे बेडूक हिरवे असतात," त्या हळूच म्हणाल्या.

"बरणीत बघा की. निळेच आहेत."

"स्पिरिटमध्ये त्यांच्या अंगातला पिवळा विरघळतो. मग निळा तेवढा उरतो."

काकांनी बाईंचं वय काढलं, शिक्षण काढलं. बाई गेल्या आणि जाळीचा डबा घेऊन आल्या. आत पानावर एक जिवंत बेडूक बसला होता, हिरवागार, काकांच्या तीन महिन्यांशी काही देणंघेणं नसल्यासारखा. काका वाकले. त्याचा गळा भराभर हलत होता. श्वास घेणारं असं काही त्यांनी आजवर काढलंच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त तो बेडूक आवडला.

त्यांनी चष्मा पुसला.

"वरच्या मजल्यावरचे मी काढलेले साप?"

बाई डब्याचं झाकण उगाच नीट करू लागल्या.

"आणि मासे?"

"मासे तर..." बाई थांबल्या.

काकांनी टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि फलकावरचं आपलं नाव पुसून टाकलं.

"माझा अर्ज मागे घेता येतो का बघा," ते म्हणाले. "आणि आमच्या हिला तुम्हीच फोन करा. माझं ती ऐकणार नाही."