वाळकाच्या वेलापायी
कडुलिंबाचा पाला गोमूत्रात कुजल्याचा वास आला, की मला टेंभुर्णीच्या रानातली ती सकाळ आठवते. पहिला दात फुटलेली माझी लेक कपाशीतल्या वेलाचं काकडीसारखं वाळूक चोखत बसली होती, तेवढ्यात नवरा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आला. मी वाटेत आडवी झाले. "सरक, अळी सगळं रान खाऊन राह्यली!" "खाऊ द्या! माझ्या पोरीच्या तोंडात औषध न्हाई जाऊ देणार!" मंग मी पिंपभर पाला कुजवला अन् त्याचंच पाणी कपाशीवर फवारलं. त्या वासानं अळ्या शेजारच्या तालुक्यात पळाल्या, सत्तरीच्या सासूबाई माहेरी गेल्या अन् एसटी फाट्यावर थांबेना. आज लेक वाळूक तोडून झग्याला पुसते अन् कचाकचा खाते. नवरा नाकाला रुमाल बांधून पिंप ढवळतो अन् ही अक्कल आपलीच म्हणून गावाला सांगतो.