ओझेलाच्या खुर्चीत कोरिन

मोठी माणसं मुलाखतीत थापा मारतात, असं ओझेला टेटचं ठाम मत. म्हणून ती त्यांना आपल्या केसांच्या दुकानात, खुर्चीत बसवून बोलतं करायची. केस सरळ करायचा, शेगडीवर तापलेला लोखंडी कंगवा जवळ आला की माणूस आपला कान मुडपून धरतो, मान हलवत नाही आणि खरं बोलतो. शिकागोच्या दक्षिण भागातल्या आमच्या गल्लीत दर शनिवारी कुणीतरी काळी चित्रकार, कवयित्री, नाहीतर विचारवंत बाई तिच्याकडे केस सरळ करायला यायची आणि आम्ही बायका ओली डोकी घेऊन ऐकत बसायचो. एका प्राध्यापिकेला तिनं विचारलं होतं, "स्वातंत्र्यावर एवढं बोलता, घरी भांडी कोण घासतं?"

त्या शनिवारी कोरिन मेबरी आली. आमच्याच गल्लीत वाढलेली, आता नावाजलेली कादंबरीकार. तिच्या कादंबरीत ईस्टरच्या सकाळी दारू ढोसून चर्चच्या पायऱ्यांवर कोसळणारी एक बाई आहे. नाव बदललंय, पण पिवळी टोपी आणि लंगडा पाय ओझेलाच्या आईचा, मिस लूरीनचा. पुस्तक शाळेत लागलं आणि ओझेलाची नात वर्गातून रडत घरी आली. मेलेल्या आईवरचा हा डाग ओझेलाला धुऊन हवा होता. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा लूरीन गेलेली होती; हे सगळं मी ऐकलेलं.

अर्धं डोकं होईपर्यंत ओझेला गोड बोलली. मग तिनं शेगडीवरून कंगवा उचलला, तो फडक्यावर टेकवला. फडकं करपलं.

"कान धर, कोरिन."

कोरिननं धरला.

"माझी आई दारू पीत होती?"

कंगवा कोरिनच्या कानाशी होता. भाजते की काय हिला, असं वाटून मी खुर्चीतून अर्धवट उठले.

"नाही," कोरिन म्हणाली. "त्या ईस्टरला पायऱ्यांवर पडल्या, तेव्हा त्यांची शुगर उतरली होती. माझ्या आजीचंही तसंच व्हायचं. मी नऊ वर्षांची होते, तरी मला ते कळलं होतं."

"मग लिहिलंस कशाला?"

"दारू जास्त चांगली वाटली कागदावर." कान तिनं धरूनच ठेवला होता. "चुकलंच माझं, मिस ओझेला. पण मी मनानं नाही रचलं. त्या दिवशी ही सगळी गल्ली तेच म्हणत होती. चर्चमध्ये पांढरे हातमोजे घालून लोकांना बाकांवर बसवायचं काम होतं ना त्यांच्याकडे? तेही काढून घेतलं. ते मी नाही काढलं."

ओझेलानं कंगवा शेगडीवर ठेवला आणि आमच्याकडे वळली. सगळ्या जणी एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागल्या. मला या बायकांचा असा संताप आला, की विचारू नका.

कोपऱ्यात सिस्टर बर्नेटा बसली होती, चर्चमधली सगळ्यात जुनी बाई. तिनं मान वर केली.

"तिचे पांढरे हातमोजे मी मागून घेतले, ओझेला. दारात. सगळ्यांसमोर."

"ठाऊक आहे मला," ओझेला म्हणाली. "तेव्हापासून तुझे केस मीच करतेय, बर्नेटा. आज म्हणशील, उद्या म्हणशील, म्हणून वाट बघत होते."