ओट्यापर्यंत आलेला कायदा

उभ्या आयुष्यात मी एकदाच कोर्टाच्या पिंजऱ्यात उभी राहिले आणि तेही चुकीच्या बाजूने. जिच्यासाठी उन्हातान्हात धावपळ केली, तिच्याच विरुद्ध साक्षीदार म्हणून. समन्स बडोद्यात आमच्या अकोट्याच्या घरी आलं तेव्हा ते माझ्या यजमानांनी घेतलं, चष्मा लावून सावकाश वाचलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "चालो साक्षीबेन, तुमचं बोलावणं आलंय." त्यानंतर बरेच दिवस घरात मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली गेली नाही.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. घराणं मूळचं नागरवाड्यातलं, पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते, त्यामुळे सरकारी कागद दिसला की आमच्याकडे सगळे आपोआप ताठ बसतात. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून मी मोफत कायदा-मदतीच्या कामात स्वयंसेवक झाले. खेड्यात जायचं, लोकांना त्यांचे हक्क समजावायचे, ज्याला वकील परवडत नाही त्याचा अर्ज लिहून घ्यायचा आणि बडोद्याला कार्यालयात पोचवायचा, एवढंच काम. मला ते फार आवडलं होतं.

बडोद्याजवळच्या सावली गावाच्या पुढे एका खेड्यात शिबिर ठरलं. गेलो तर पंचायतीच्या कचेरीला भलंमोठं कुलूप. पंचायतीची कचेरी लोकांसाठी सदैव उघडी कशी ठेवावी, या विषयाचं तालुक्याला प्रशिक्षण होतं आणि तलाटी किल्ली खिशात घालून तिकडे गेले होते. आम्ही रस्त्यात टेबल धरून उभे. तेवढ्यात समोरच्या घरातले एक पांढऱ्या मिशांचे काका हात जोडून आले. "आवो आवो बेन, आपनोज ओटलो छे. बेसो." ओटा खरंच छान होता. लांबलचक, सावलीचा, वर पंखा. आम्ही बसलो, चहा आला, आमच्या कारकुनाने ओट्याच्या एका टोकाला दोन खांबांच्या मधे बॅनर बांधला: 'कायदो आपना आंगणे'.

पहिली अर्जदार आली ती ओट्याखाली उभी राहिली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. वर बोलावलं तरी येईना. शेवटी मीच खाली उतरले, तेव्हा तिने माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं. ती विधवा. तिचं घर या घराच्या मागे. मिशीवाले काका तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर. तिच्या दाराकडे जायची वाट या ओट्याच्या टोकावरूनच होती, आणि नवरा गेल्यावर जेठांनी तिथे एक जड खाट आडवी टाकली होती. कुणी विचारलं की म्हणायचे, गुडघे दुखतात, खाट हलवता येत नाही. तेव्हापासून ती म्हशीचा चारा डोक्यावर घेऊन मागच्या शेतातून, बाभळीच्या काट्यांतून आणि एका घाण नाल्यातून घरी जात होती. तिला तिची वाट परत हवी होती. जेठांसमोर सुनेने आवाज काढायचा नाही ही तिथली रीत, म्हणून हे सगळं कानात.

मी अर्ज लिहायला बसले. कुठे, तर त्याच ओट्यावर. दुसरी जागा नव्हती. जेठांनी तिच्यासाठीही चहा पाठवला.

मग फोटो. आमच्याकडे फोटोत बॅनर, लाभार्थी आणि कार्यकर्ते तिन्ही दिसले पाहिजेत, नाहीतर शिबिर झालंच नाही असं धरतात. कारकुनाने तिला ओट्यावर बसवलंच, जेठांच्या शेजारी, सभ्य अंतर ठेवून. मधे मी, हातात कप. मागे बॅनर, बरोबर त्या खाटेवर आणि त्या वाटेवर ताणलेला.

तिला मोफत वकील मिळाला, दावा दाखल झाला, मला स्वतःचं कौतुक वाटलं. आणि जेठांचा जबाब आला तो आमच्या फोटोसकट. म्हणणं असं: ओटा पूर्वीपासून माझा एकट्याचा. सरकारी माणसांनी माझी परवानगी घेऊन तिथे कार्यक्रम केला. वादी स्वतः हजर होती, चहा प्यायली, तक्रार केली नाही. फोटोत वाट दिसत नाही, कारण वाट नाहीच. साक्षीदार: फोटोतल्या कपवाल्या बेन. मी रागाने लालबुंद होऊन कार्यालयात गेले, तर साहेब खूश. आमच्या शिबिराचा फोटो कोर्टात दाखल होण्याची ही पहिलीच वेळ, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

कोर्टाने जागा बघायला एक कमिशनर नेमला. नवीनच वकिली सुरू केलेला सज्जन माणूस. तो भर दुपारी गेला. जेठ म्हणाले, आवो, बेसो. तो बसला, खाटेवर, कारण सावली तिथेच होती. टेप काढून मापं घेतली, पण खाट हलेना, म्हणून अहवालात वाटेची रुंदी आली नाही, खाटेची लांबी आली. ती बिचारी खाटेपलीकडे पदर ओढून सगळा वेळ उभी होती. जेठ समोर असताना पुढे येणार कशी? अहवालात लिहिलं गेलं, 'वादी जागेवर आढळली नाही.' मग तिचा स्वतःचा वकील जाऊन आला. त्याला मी फोनवरूनच विचारलं, "चहा घेतलात?" तो म्हणाला, "बेन, एवढा आग्रह केला, ना कसं म्हणणार?" म्हणजे न्याय द्यायला जो जो गेला, तो ओट्यावर बसून परत आला. तिच्या दारापर्यंत एकही माणूस पोचला नव्हता. मीसुद्धा नाही. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.

साक्षीच्या दिवशी मी पिंजऱ्यात उभी राहिले. जेठांच्या वकिलाने विचारलं, शिबिर कुणाच्या ओट्यावर झालं? म्हटलं, यांच्या. परवानगी? घेतली. वादीने त्या दिवशी तक्रार केली? "केली, माझ्या कानात." दुसऱ्या कुणी ऐकली? "कानात सांगितलेलं दुसऱ्याला कसं ऐकू जाईल?" मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, तशी न्यायाधीशांनी मला फक्त हो किंवा नाही एवढंच बोलायला सांगितलं. मग तिचा वकील उठला. तुम्ही वादीच्या घरी गेलात? नाही. का नाही गेलात?

"जायला रस्ता नव्हता," मी म्हटलं.

जेठांचा वकील उडी मारून उठला. साहेब, लिहून घ्या, साक्षीदार सांगते रस्ता नव्हता! तिचा वकील त्याच्याहून मोठ्याने म्हणाला, साहेब, हेच लिहून घ्या, रस्ता अडवलेला होता! एकाच वाक्यावर दोन्ही वकील खूश झालेले मी त्या दिवशी पाहिले. न्यायाधीशांनी वाक्य लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. दाराशी जेठांनी मला नमस्कार केला आणि घरी चहाला यायचं निमंत्रण दिलं.

त्याच सुमारास तिच्या मुलीचं लग्न निघालं. मला वाटलं, आता वऱ्हाड नाल्यातून येणार की काय! पण लग्नाच्या दिवशी गेले आणि बघतच राहिले. ओट्याला नवा रंग, दाराला आसोपालवाच्या पानांचं तोरण आणि खाट नाहीशी. भावाच्या मुलीची जान, म्हणजे वरात, दुसरीकडून कशी येईल, म्हणून जेठांनी स्वतः, त्याच दुखऱ्या गुडघ्यांनी, ती उचलून कोठारात ठेवली होती. नवरदेवाचं स्वागत ओट्यावर झालं. विधवेने जावयाला ओवाळायचं नसतं म्हणून जेठाणीने ओवाळलं. मी ओट्याच्या टोकावरून चार पावलं टाकली आणि पहिल्यांदा तिच्या दाराशी पोचले. सारवलेलं अंगण, म्हैस, तुळस. एवढंसंच अंतर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी जेठांनी फोटोसाठी हाक मारली. मी मांडवाच्या मागे पळाले.

मुलगी सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाट परत जागेवर आली. पुढच्या तारखेला लग्नाचे फोटोही दाखल झाले: पाहा साहेब, आम्ही घरच्या माणसांसाठी वाट देतोच, पण आमच्या मर्जीने. आणि सोबत तडजोडीचा प्रस्ताव. लग्न, मुंज, बाळंतपण, मयत अशा प्रत्येक प्रसंगाला वाट खुली राहील. एरवी नाही. कार्यालयात आनंदीआनंद. साहेब म्हणाले, माणूस चांगला दिसतो, त्या बेनची सही घेऊन या म्हणजे प्रकरण मिटलं.

मी गेले ती या वेळी मागून, शेतातून. बाभळीने साडी फाडली, नाल्यात चप्पल रुतून बसली, आणि मी मनातल्या मनात साहेबांना, कमिशनरला आणि स्वतःला मिळून जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. ती अंगणात चाऱ्याचा भारा सोडत होती. इथे जेठ नव्हते, म्हणून पदर खांद्यावर होता. तेव्हा मी तिचा चेहरा नीट पाहिला. माझ्यापेक्षा पुष्कळच लहान होती.

मी कागद वाचून दाखवला. मी म्हटलं, बघ बाई, सही करायची की नाही हे तू ठरवायचं, मी आग्रह करणार नाही.

ती म्हणाली, "बेन, मुलीच्या लग्नाला त्यांनी खाट उचलली. उद्या मी मेले की तेच उचलतील. खांदा पण देतील, आणि चांगला देतील, मला ठाऊक आहे." तिने हातातला दोर गुंडाळून ठेवला. "मला मधल्या दिवसांत जायचंय. डोक्यावर चारा घेऊन. रोज."

मी कागद परत पिशवीत घातला. तारखा अजून पडताहेत.