हातांचा नवस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. रोज समोर दिसणाऱ्या माणसाला सांगायची माझी अजून छाती होत नाही.

माझे हात सुंदर आहेत. स्वतःच्या तोंडाने सांगते, पण खरं आहे. बोटं लांब, नखं बदामाच्या आकाराची, पन्नाशी उलटली तरी कातडी मऊ. हळदीकुंकवाला वाण घ्यायला हात पुढे केला की बायका विचारतात, हातांना काय लावता हो? मी हसून खोबरेल तेल म्हणते. खरं उत्तर वेगळं आहे — तेच सांगायला बसले आहे.

खारघरला आमचे दोन फ्लॅट समोरासमोर. एकात आम्ही, दुसऱ्यात मोठे दीर आणि माझ्या जाऊबाई, सुनीताताई. सासूबाई त्यांच्याकडे असायच्या. त्यांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली, तेव्हा आम्ही दोघी जावांनी काम वाटून घेतलं. एक आठवडा ताईंचा, एक माझा. अंग पुसणं, भरवणं, डायपर, चादरी. धुण्याभांड्याला बाई होती, पण त्या चादरींना हात लावणार नाही असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

थोड्याच दिवसांत माझ्या हातांवर पुरळ उठलं. ते खोटं नव्हतं, एवढं आधी सांगते. फिनेलने असेल, पावडरीने असेल — बोटांच्या बेचक्यांतून पाणी यायला लागलं. कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं, काही महिने पाण्यात हात घालू नका म्हणाले, आणि आत सुती, वर रबरी असे हातमोजे घालायला सांगितले. सुनीताताईंनी त्याच दिवशी माझा आठवडा स्वतःकडे घेतला. त्या कोकणातल्या, कुडाळकडच्या. 'तू बस गो, हात सांभाळ,' एवढंच म्हणाल्या.

आता इथून पुढे — कसं सांगू?

हात बरे झाले. अगदी पूर्ण बरे झाले. डॉक्टर म्हणाले, आता सगळी कामं करायला हरकत नाही. मी रिक्षा केली, घरी आले आणि दारातच हातमोजे चढवले. ताईंनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, वेळ लागेल म्हणाले. ते एक वाक्य मी पुढे चार वर्षं निभावलं. कुणी म्हणालंच की हात तर बरे दिसतायत, तर मी म्हणायचे, पाणी लागलं की पुन्हा उठतं.

का केलं असं? किळस यायची, कंटाळा यायचा, हे झालंच. पण दुसरंही एक होतं. पाण्यापासून लांब राहून माझे हात फार छान झाले होते, आणि मला ते आवडायला लागले होते. दर महिन्याला डॉक्टरकडे जाते असं सांगून मी बेलापूरच्या एका पार्लरमध्ये जायचे. खारघरमध्ये सोसायटीतली कुणी ना कुणी भेटलीच असती ना! तिथली मुलगी कोमट पाण्यात माझे हात भिजत ठेवायची — त्या चार वर्षांत ते पाण्यात जायचे ते तेवढेच. मग लाकडी काडीने नखांच्या कडेची कातडी मागे सारायची, घासून आकार द्यायची, नखं चमकवायची. शेवटी विचारायची, नेलपॉलिश कोणतं लावू? मी नको म्हणायचे. तिला वाटायचं, केवढी साधी बाई आहे. घरी रंग दिसला असता, म्हणून नको म्हणायचे.

आणि सुनीताताईंचे हात? ते मला रोज दिसत होते. आधी भेगा पडल्या. मग नखुरडं झालं, बरं झालं, पुन्हा झालं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख शेवटी काढावं लागलं, ते परत आलं ते जाड आणि वाकडं. कामं मात्र थांबली नाहीत, थांबणार कशी? दुसरी जाऊ, म्हणजे मी, हातमोजे घालून बसली होती.

ताई साड्यांना फॉल लावून द्यायच्या. टाका इतका बारीक की उलट्या बाजूनेही शोधावा लागे. दुपारी सासूबाई झोपल्या की खिडकीशी बसून गुणगुणत काम करायच्या. अख्ख्या दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा होता. एकदा अशीच कुणाची तरी नवी पैठणी मांडीवर होती, आणि बोटाच्या भेगेत रेशीम अडकलं. धागा ओढला गेला, चुणी पडली. मी समोरच बसले होते. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग साडीकडे. 'रेशमाला लावायचे हात राहिले नाहीत माझे,' म्हणाल्या आणि हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी साड्या घेणं बंद केलं. दुपारी खिडकीशी बसणंही बंद झालं.

तेव्हा तरी बोलता आलं असतं की नाही? आलं असतं. मी चहा टाकू का, असं विचारलं. तेही हातमोजे घालून.

भेगांवर लावायला त्यांच्या आईने गावाहून कोकमाच्या तेलाचा गोळा पाठवला होता. तो त्यांनी मला दिला. तुला जास्त गरज आहे, म्हणाल्या. आणि मी तो घेतला. त्या स्वतः माझ्या तळव्यांना चोळून द्यायच्या, तेव्हा त्यांच्या बोटांची खरखर मला टोचायची.

सासूबाई गेल्या. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि थोड्याच दिवसांनी मी हातमोजे काढून टाकले. म्हटलं, पुरळ उठायचं थांबलं बाई एकदाचं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला कळलं की त्यांनी माहेरच्या देवीला माझ्या हातांसाठी नवस बोलला होता.

मग तो फेडायला मला गावी जावं लागलं. ताईंनी चांदीचा छोटा हात करून घेतला होता, त्याला बारीक नखंही कोरलेली. मी तो देवीपुढे ठेवला. गुरवाने मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, 'आई माये, ह्या लेकीच्या हाताक जा काय दुखणा होता, ता तू दूर केलंस. आज ती तुझो नवस फेडूक इली हा.' सगळे म्हणाले, 'व्हय म्हाराजा.' मीही म्हणाले. देवीसमोर, स्पष्ट आवाजात. ताई माझ्या शेजारी ते वाकडं नख घेऊन हात जोडून उभ्या होत्या.

देवळाच्या पायऱ्या उतरताना त्या म्हणाल्या, 'माझ्याही हातांचं बोलणार होते गो मी. पण देवीकडे एका वेळी एकच मागावं, आई सांगायची. मग म्हटलं, तुझं आधी होऊ दे.'

'बरं केलंत, ताई,' मी म्हटलं.