वर्षावासातली विमानवाली

माझ्या भाचीइतकं घाईत असलेलं माणूस मुंबईने आजवर पाहिलेलं नाही, आणि मुंबईने घाईतली माणसं काही कमी पाहिलेली नाहीत. ती जन्माला आली तीसुद्धा डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी. तिचे वडील ड्युटीवर होते, मी नाक्यावर पान लावून घेत होतो आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, वाटत होतं की अजून पालेभाजी निवडायला वेळ आहे. तेव्हापासून आजपर्यंत आम्ही सगळे तिच्या मागूनच पोचतो आहोत. ती उभ्याने जेवते, चालता चालता वेणी घालते, आणि फोनवर 'हॅलो' म्हणत नाही. त्यात म्हणे उगाच वेळ जातो. आम्ही फोनवर पाठवलेले निरोप ती दीडपट वेगाने ऐकते. मी मुळातच सावकाश बोलणारा, निवृत्त झाल्यापासून तर आणखीच सावकाश झालो आहे. "मामा, दीडपटीवर लावला ना, की तू एकदम नॉर्मल वाटतोस," असं तिने मला तोंडावर सांगितलं आहे.

ती नेमकं काय काम करते हे आमच्या काळाचौकीच्या चाळीत कोणालाच सांगता येत नाही. "मोठमोठ्या कंपन्यांना सल्ला देते," असं ताई कोणी विचारो न विचारो सांगत असते. हे शेजारच्या मालवणी काकूंनी एकदा नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तिका कोण देता सल्लो?" तिचं ऑफिस लोअर परळला, काचेच्या इमारतीत. इथून चालत निघालं तर घरचा चहा अंगात गरम असतानाच पोचावं. पण भाची कॅबने जाते, कारण कॅबमध्ये 'काम होतं'. एकदा तिची कॅब पुलाखाली अडकली होती. काकू मच्छी आणायला निघाल्या होत्या, त्यांनी तिला पाहिलं. मासे निवडून, घासाघीस करून, कोळणीच्या सुनेची चौकशी करून काकू परत आल्या तरी कॅब तिथेच, आणि आत भाची मांडीवर लॅपटॉप घेऊन 'काम होतं' ते करतेय. काकूंनी काचेवर टकटक केलं. "येतंस काय गो चलत? पिशवी तरी धरशीत माझी."

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. पोरगी वाचते. वाचते म्हणजे, वाचायला घेते. कानात एक पुस्तक चालू, पर्समध्ये एक, उशाशी एक, शिवाय दादरहून मी आणलेलं एखादं असतंच, ते ती माझा मान म्हणून घेते. शेवटचं पान ती आधी वाचते. "शेवट माहीत असला की मधलं पटापट जातं रे मामा." खूण म्हणून पुस्तकात विमानाचा बोर्डिंग पास घालते, त्यामुळे तिचं कपाट पाहिलं की कुठलं पुस्तक कुठल्या गावावर असताना सुटलं हे कळतं. एक जाडजूड कादंबरी बिचारी हैदराबाद उतरतानाच थांबली आहे. प्रवासाची तिची ती चाकांची बॅग दाराशी कायम भरलेली. पहाटे ती बॅग गॅलरीतून खडखडत निघाली की चाळीतले लोक कूस बदलून म्हणतात, "चालली विमानवाली." खडखडाट उलट्या दिशेने आला की, "आली विमानवाली."

नातलगांवर तिचा जीव आहे, नाही असं नाही. फक्त तो जीव फोनवरून येतो. माझ्या पुतण्याच्या मुलीचं नामकरण झालं तेव्हा ती चेन्नईला होती. "मला बाळाजवळ ठेवा," असा तिचा हट्ट. म्हणून फोन पाळण्यात, बाळाच्या शेजारी ठेवला. बायकांनी गाणं म्हणत पाळणा हलवायला घेतला आणि गाणं भलतंच लांबलं. नंतर कळलं की पलीकडे भाचीला गरगरायला लागलं होतं आणि तिने कॅमेरा बंद करून लिंबूपाणी मागवलं होतं. बाळ शांत झोपलं.

तर अशा मुलीच्या गळ्यात या वर्षी वर्षावास पडला.

आमच्याकडे आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. चाळीच्या तळमजल्यालाच विहार आहे. पांढऱ्या साड्या नेसून बायका जमतात, वंदना होते, मग एकजण ग्रंथ वाचतं आणि बाकीचे ऐकतात. मूळ कल्पना अशी की एरवी गावोगाव फिरणाऱ्या भिक्खूंनी या दिवसांत एका जागी राहावं. वाचणारी गेली कित्येक वर्षं माझी ताई. तिचा आवाज असा की माईक बंद पडला तरी वाणसामानाच्या दुकानात मेथीदाणे तोलणाऱ्याचा हात थांबावा. ह्या वर्षी मात्र श्रावण सरता सरता तो आवाज फाटू लागला. गिरगावातल्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं, स्वरयंत्रावरची छोटी गाठ काढली आणि बजावलं: अजिबात बोलायचं नाही. मग हळूहळू एखाददुसरा शब्द. पण मोठ्याने वाचायचं तर नावही काढू नका. आत्ता आवाज ताणला तर जाईल तो कायमचा.

ताईसारखी बोलकी बाई गप्प बसली की घर कसं होतं ते आम्ही पाहिलं. तिने टाळ्यांची भाषा काढली. हलकी टाळी म्हणजे 'इकडे ये', जोरात टाळी म्हणजे 'आत्ताच्या आत्ता ये', आणि ताटावर चमचा आपटला की मेहुणे न विचारता भाजी आणायला निघत. पण विहाराच्या वेळेला ती खिडकीत बसून राही आणि तिचे ओठ हलत. ग्रंथ अर्ध्यावर आलेला. आपल्या घरानं हाती घेतलेलं वाचन आपल्याच घरानं पौर्णिमेला पुरं करायचं, ही तिची जिद्द. तिने भाचीकडे बोट दाखवलं.

"मी? आई, माझा हा महिना बघ तरी!" भाचीने फोनवर कॅलेंडर उघडून दाखवलं. बेंगळुरू, इंदूर, पुन्हा बेंगळुरू, दसऱ्याला सगळ्यांबरोबर नागपूर, तिथूनच पुढे दिल्ली. ताईने टाळी वाजवली. जोरात.

मग भाचीने सल्लागारी डोकं चालवलं. रोजचा भाग ती जिथे असेल तिथून वाचून, आवाज भरून माझ्या फोनवर पाठवणार, आणि मी तो विहारातल्या स्पीकरला जोडून लावणार. पहिल्या दिवशी बायका कौतुकाने ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी शेवंतामावशी मला म्हणाल्या, "आवाज गोड हाय पोरीचा. पण तिच्या मागं कोण लागलंय?" शेवंतामावशी म्हणजे विहारातल्या सगळ्यांत वडील. तरुणपणी मिलमध्ये बॉबिनवर काम केलेल्या, त्यामुळे वेग त्यांना कळतो. भाची वाचायची तीच दीडपटीने. वर मागचे आवाज वेगळेच. दुःखाच्या कारणांचं विवेचन चाललंय आणि मागून गेट बदलल्याची घोषणा. करुणेवर येतेय तोच कोणी विचारतं, "मॅडम, व्हेज की नॉनव्हेज?"

असं करत आम्ही दसरा ओलांडला. आणि मग ती संध्याकाळ आली. त्या भागात एक माणूस भगवान बुद्धांना मोठ्या तळमळीने विचारतो की अशा प्रसंगी काय करावं. भाचीने तो प्रश्न खरोखर छान वाचला. मग थोडी शांतता. मग स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला, "येस सर. नाही सर, दुसरा ऑप्शनच नाहीये. माणसं कमी करावी लागतील. हो सर, दिवाळीच्या आधीच करू."

साहेबांचा फोन दुसऱ्या यंत्रावर आला होता आणि आवाज भरणं थांबवायचं बाईसाहेब विसरल्या होत्या; भरलं ते तसंच पाठवून दिलं होतं. पुन्हा शांतता पसरली. आमच्याकडे भाग संपून अशी शांतता झाली की सगळ्यांनी 'साधू' म्हणायची रीत आहे. मागे बसलेल्या बायका सवयीने हात जोडून एकसुरात म्हणाल्या, "साधू! साधू! साधू!"

मी स्पीकरची वायर शोधत होतो. शेवंतामावशींनी तेवढे हात जोडले नव्हते. "हे भगवंताचं न्हाई," त्या म्हणाल्या. "हे आमच्या मिलच्या मॅनेजरचं हाय. मी वळखते."

चाळीत ते हसणं रात्रभर चाललं. हसली नाही फक्त ताई. तिने काकूंच्या तोंडून सगळी हकिकत ऐकून घेतली आणि मला टाळी मारून बोलावलं. तिने पांढरी साडी काढून ठेवली होती. त्यावर चष्मा. मग स्वतःच्या घशावर बोट ठेवलं, कॅलेंडरवरच्या पौर्णिमेवर ठेवलं, दाराबाहेर दाखवलं आणि मान हलवली. एवढं मला कळतं. पौर्णिमेला पोरगी स्वतः येऊन बसली तर ठीक, स्पीकर चालणार नाही. नाही आली तर शेवटचा भाग ताई स्वतः वाचणार. घसा गेला तर गेला.

मी लगेच भाचीला फोन लावला. "हां, बोल." मी बोललो. तिने मला मध्ये तोडलं नाही, हेच आश्चर्य. मग म्हणाली, "मामा, त्या दिवशी बेंगळुरूला क्लायंटची फायनल मीटिंग आहे. ती सोडून नाही येऊ शकत. पण संध्याकाळच्या आत पोचते. प्रॉमिस. तू आईला धरून ठेव." माझ्या ताईला आजवर कोणी धरून ठेवलेलं नाही. आमच्या वडिलांनाही ते जमलं नव्हतं.

पौर्णिमेला विहार भरून गेला. खिरीचं पातेलं बाहेर झाकून ठेवलेलं. वंदना झाली. भाचीचा निरोप आला, विमान उतरलं, कॅबमध्ये आहे. कॅबमध्ये आहे, हे वाचून मला पुलाखाली अडकलेली ती कॅब आठवली. ताई वाचणाऱ्याच्या जागी जाऊन बसली. चष्मा लावला. ग्रंथावरचं पांढरं कापड सोडलं. तेव्हा मी, ज्याने आयुष्यात कधी माईकला हात लावला नाही तो मी, उभा राहिलो आणि म्हणालो, "दोन शब्द." मी मंडपवाल्याचे आभार मानले. दूधवाल्याचे मानले. वीज कंपनीचे मानले, वीज न गेल्याबद्दल. मग विहाराला रंग कधी लावला होता आणि तो कोणता असावा यावर जो वाद झाला होता, तो मी सविस्तर सांगू लागलो. माझ्या सावकाश बोलण्याचा उपयोग झालेला असा तो एकच दिवस. पण ताई माझ्याकडे पाहत होती. लहानपणी मी खोटं बोललो की पाहायची, तसंच. माझा आवाज आपोआप बंद झाला आणि मी खाली बसलो.

ताईने पान उघडलं. श्वास घेतला. पुढच्या क्षणी ती वाचणार आणि तिचा आवाज जाणार, आणि तो आवाज म्हणजे आमचं सगळं घर होतं.

आणि चाळीच्या फरशीवर चाकं खडखडली.

"आली विमानवाली!" काकू बाहेरून ओरडल्या. भाची पळतच आत आली. कॅब लालबागला सोडून ती बॅग ओढत चालत, खरं म्हणजे धावत आली होती. ऑफिसच्या कपड्यांवर कोणाची तरी पांढरी ओढणी टाकली होती, एका पायात मोजा तसाच राहिला होता. तिने तिसऱ्या ओळीतून वाट काढली, पंचांग प्रणाम केला, आईच्या शेजारी बसली, ग्रंथ पुढे ओढला आणि धापा टाकतच वाचायला लागली. तिच्या नेहमीच्या वेगाने. दोन परिच्छेद गेले, तिसरा चालला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

ताईने ग्रंथाच्या पानावर हात ठेवला. आणि ती बोलली.

"सावकाश."

तो आवाज तिचा नव्हता. करपलेलं पातेलं घासताना येतो तसा होता. पण ऑपरेशननंतर आम्ही ऐकलेला तो तिचा पहिला शब्द, आणि तोही ओरडा. भाचीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ओढणीने तोंड पुसलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आता ती वाचताना मधूनमधून आईच्या तोंडाकडे पाहत होती. ताईचे ओठ हलत होते. ते जिथे पोचत तिथे ती पोचत होती, त्यांच्या पुढे एक शब्दही जात नव्हती. मध्ये तिचा फोन थरथरला, शेवंतामावशींनी तो उचलून आपल्या मांडीखाली ठेवला आणि त्यावर बसून राहिल्या. शेवटचं पान या वेळी भाचीने शेवटीच वाचलं. संपलं तेव्हा सगळ्यांनी 'साधू' म्हटलं, ताईने नुसते हात जोडले.

खीर खाताना भाची माझ्याजवळ येऊन बसली. बसून खात होती, हे मी मुद्दाम नोंदवतो. "मामा, हे पुस्तक मी लहानपणापासून ऐकतेय रे," ती म्हणाली. "आज वाचलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे चाकं खडखडत गेली. माणसं बदलत नाहीत, आणि तिचं तर पुण्याचं काम निघालं होतं. ताईचा आवाज हळूहळू परत आला. बारीक आहे, पण मेहुण्यांना पुरतो. मोठ्याने वाचायला मात्र डॉक्टरांनी कायमची बंदी घातली. तो मेथीदाणे थांबवणारा आवाज आता आम्हाला ऐकायला मिळणार नाही, याचं मला वाईट वाटतं, आणि संध्याकाळी जास्त वाटतं. पुढच्या वर्षीचे आषाढ ते अश्विन भाचीने कॅलेंडरवर आत्तापासून अडवून ठेवले आहेत, साहेबांनी कारण विचारलं तर काय सांगणार, असं मी विचारलं, तर म्हणाली, "एका जागी राहणार आहे म्हणून सांगेन."

ते खरं होईल की नाही, मला माहीत नाही. ती नसली की मी तिची ती जुनी वाचनं फोनवर लावतो, घोषणा आणि व्हेज-नॉनव्हेजसकट. परवा सकाळी तिचाच फोन आला. "हां मामा, बोल पटकन, दोन मिनिटं आहेत." सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हटलं, "सावकाश."

पलीकडची चाकांची खडखड थांबली. मला वाटलं, कट झाला. पण दोन मिनिटं उलटून गेली तरी तिने फोन ठेवला नव्हता.