टोकाकडचं नाव

गुंडा डिस्टलरच्या केसांना जन्मभर देवदाराचा वास येत राहिला. जर्मनीच्या फ्रँकोनिया प्रांतातल्या एका नदीकाठच्या गावात, घराच्या मागच्या खोलीत पेन्सिली बनत. उन्हाच्या तिरिपेत भुसा तरंगे. लहानपणी तिला वाटे, हवा अशीच असते, सोनेरी.

मोठी झाल्यावर पेन्सिलींवर नावाचा छाप मारायचं काम तिच्याकडे आलं. छाप टोकाच्या बाजूला मारायचा, हा आजोबांचा दंडक. बाकीचे कारखानदार शेपटाकडे मारीत. आजोबा म्हणत, पेन्सिल लिहिणाऱ्याची. तासताना आपलं नाव आधी निघून जावं.

मग समुद्रापार, चिलीला, पहिला माल गेला. वर्ष सरलं, दुसरी मागणी येईना. गुंडाच्या वडिलांनी, फाइटनी, त्या भरवशावर नवी यंत्रं आणलेली. मागणी बुडाली तर खोलीला कुलूप. अखेर तिकडचा व्यापारी नुरेंबर्गच्या जत्रेत भेटला.

"अहो डिस्टलर, माल झकास आहे," तो म्हणाला. "पण नाव पहिल्या आठवड्यातच तासून जातं. लोक थोटकं घेऊन येतात आणि म्हणतात, अशा वासाची द्या. मी तरी किती पेन्सिली हुंगू?"

नाव मागे न्या, तरच पुढचा माल घेईन, असं त्यानं बजावलं.

आजोबांपुढे तोंड उघडायची फाइटची छाती नव्हती. जेवताना फाइट ताटातल्या बटाट्याच्या गोळ्याकडे बघत बसले. दुसऱ्या सकाळी गुंडानं टोक काढलेल्या पेन्सिली छापयंत्रात उलट्या लावल्या.

संध्याकाळी आजोबांनी एक उचलली, फिरवून पाहिली, खिशात टाकली. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलेनासे झाले. मीठ हवं असलं तरी मांजराला सांगत.

मागण्या येत गेल्या. चिली, मग इजिप्त, मग जपान. खोलीचा कारखाना झाला. त्याचं धुराडं नदीच्या पाण्यात हलू लागलं. गुंडानं परदेशी जाणाऱ्या पेट्या पाहिल्या, देश नाही. पण दुपारी डोळे मिटले की कुठलंसं पोर अनोळखी लिपीत लिहिताना दिसे, आणि त्याच्या मुठीमागे तिचं आडनाव डुलत असे. हे आजोबांना सांगावंसं वाटे.

आजोबांनी अंथरूण धरलं तेव्हा एका दुपारी तिला बोलावलं. तिच्या तळहातावर त्यांनी खिशातून काढून एक थोटूक ठेवलं. लाकडावर नाव तेवढं उरलं होतं.

"पुढे तासवेना, कार्टे," ते म्हणाले. "नवी दे एक."

"कशी देऊ?"

"उलटीच. तुझ्यासारखी."